पूर्वजांचा माग काढताना या चुका टाळा: नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही

जुन्या कागदात खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो, आणि घाईही तिथेच होते. माझी झाली. गावच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीतले बदल नोंदवणाऱ्या वहीत, त्यांचं नाव दिसलं, पुढे वडिलांचं नावही तेच. मी वंशावळ लिहून भावकीत वाटून टाकली. पुढे कळलं, तो त्यांचा नातू होता. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे बाप-लेकाच्या नावांची तीच जोडी एका पिढीआड जशीच्या तशी परत येते. घोळ सुटला तो भावांच्या नावांवरून. खापरपणजोबा एकटे होते आणि फेरफारातल्या माणसाला तीन भाऊ होते. तेव्हापासून मी एकट्या माणसाला शोधत नाही. भाऊ, चुलते, बायको, जमिनीचा नंबर, सगळं एकत्र धरतो.

जमिनीच्या नंबरातही फसगत होते. जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावरचा नंबर जुन्या कागदात शोधून काही मिळत नाही. आधी दोन्हींचा मेळ दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. वारसाच्या फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. माणूस गेल्यावर कित्येक वर्षांनी वारस लावल्याची उदाहरणं घरोघरी आहेत.

आजचं आडनाव धरून मागे जाणं ही तर सर्रास होणारी चूक. जुन्या नोंदीत ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ एवढंच असतं. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ते आडनाव नव्हे. कुलकर्णी, पाटील, देशमुख ही वतनं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हुद्दे. एका भावाने वतनाचं नाव लावलं, दुसऱ्याने गावाचं, की दोन पिढ्यांत एकच घर दोन घरं वाटू लागतं. त्यात कुणी दत्तक गेला असेल तर बापाचं नावच बदलतं. एखादा मुलगा कागदातून अचानक नाहीसा झाला, तर तो वारला असं धरण्याआधी दत्तकाची चौकशी करा.

तारखांचं गणित सांभाळून करा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघातली नोंद बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत पडते, तिथे 79 मिळवावे लागतात. शके 1810 चा माघ म्हणजे 1889. आणि शाळेच्या दाखल्यावरची 1 जून ही जन्मतारीख पुरावा मानू नका; नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असण्याची शक्यता फार. गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकात, तारीख जास्त भरवशाची मिळते, पण पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नावाने शोधाल तर ती ओळ हातची जाते.

मोडी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतलात तर फोटो जपून ठेवा आणि नाव आणखी एकाकडून वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दही सुटे लिहिलेले नसतात. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग असतात. स्वतः शिकलात तर उत्तमच.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला उपाध्यांकडे गेलात तर पुण्या-मुंबईचा पत्ता सांगू नका, मूळ गाव सांगा. त्यांच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या नोंदींच्या वहीत, तिथे आलेल्या माणसाने स्वतः लिहिलेली, भावांची-मुलांची नावं असलेली नोंद मिळू शकते. आपल्या माणसाचं अक्षर बघायला मिळणं याहून मोठं काही मला तरी या शोधात मिळालेलं नाही.

आणि बायकांना वगळू नका. पणजीचं सासरचं नाव तिच्या माहेरच्या कागदात एकदम दिसणार नाही. तिच्या भावाच्या गावचे वारस फेरफार बघा, विशेषतः 1956 नंतरचे. हिंदू वारसा कायदा आला आणि मुलींची नावं वारसांत लागू लागली, कित्येकदा हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा कागद) करून देण्यापुरतीच, पण लागली. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला अशाच एका हक्कसोडीत मिळालं, शेजारी तिचा अंगठा होता.