बाटली उघडलीये ना, मग लिंबू कशाला?

मी मालवणचा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर, ओल्बिया बंदराजवळच्या एका छोट्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात माझा हा सहावा मोसम. तळलेल्या मासळीवर न विचारता लिंबू पिळायची आपली सवय मालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात मोडली. "बाटली उघडलीये ना? मग लिंबू कशाला?" तेव्हा राग आला होता. आता मीच नव्या पोरांना तेच ऐकवतो.

बाटली म्हणजे वर्मेंटिनो दि गाल्लुरा, वर्मेंटिनो द्राक्षांची पांढरी वाइन. बेटाच्या ईशान्येचा मुलूख गाल्लुरा. ग्रॅनाइट झिजून झालेली रेताड जमीन, वर माएस्त्राले नावाचा वायव्येचा वारा. चिंचेसारखी नव्हे, पण स्वच्छ आंबट चव, मागून थोडा खारेपणा आणि शेवटी कडू बदामाची चुणूक. त्या कडवटपणाला वाइन बिघडलीय समजून परत पाठवू नका, तीच तिची ओळख.

घेताना लेबल नीट वाचा. 'दि सार्डेन्या' लिहिलं असेल तर द्राक्षं बेटावरची कुठलीही असू शकतात. 'दि गाल्लुरा'ला 1996 साली डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला, आणि त्यात किमान 95 टक्के वर्मेंटिनो द्राक्षं लागतात. 'सुपेरिओरे' असेल तर अल्कोहोल किमान 13 टक्के, अंगानेही भरदार. साधी बाटली दोन-तीन वर्षांत संपवावी. जपून ठेवून ती काही सोनं होत नाही.

थंड किती करायची, यात मी सपशेल चुकलो होतो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला बर्फागार बाटली नेऊन दिली. तो काही बोलला नाही. पेला दोन्ही तळव्यांत धरून, चहाचा कप धरावा तसा, पाच मिनिटं समुद्राकडे बघत बसला. मग प्यायला. तेव्हापासून मी 10 ते 12 अंशांच्या खाली जात नाही. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली वीसेक मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खडे बाटलीला इथेतिथेच टेकतात.

आता खाणं. माझी पहिली पसंती तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना. इथे त्यांना आर्सेल्ले म्हणतात आणि सोबत फ्रेगोला शिजवतात. फ्रेगोला म्हणजे रव्याच्या भाजलेल्या गोळ्या, दिसायला खरपूस साबुदाणा. दोघांसाठी अर्धा किलो तिसऱ्या मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवा, रेती सुटते. आमची आजी आडाळ्यावर कच्च्याच फोडायची. इथे ऑलिव्ह तेलात लसूण परतून, वाइनचा एक शिंतोडा मारून झाकण ठेवतात, मिनिटा-दोन मिनिटांत त्या आपणहून तोंड उघडतात. न उघडलेल्या टाकून द्या. सुटलेलं पाणी गाळून घ्या, त्यात गरम पाणी घालून दीडशे ग्रॅम फ्रेगोला शिजवा. मीठ घालायचं नाही, शिंपल्यांनी आणलेलं असतं. शेवटी तिसऱ्या परत घाला, वर चिरलेलं पार्सली. एक घास, एक घोट. लिंबाची आठवणही येणार नाही.

दुसरी जोडी बोत्तार्गाची. मुगील माशाची गाबोळी मीठ लावून, दाबून, सुकवलेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या काब्रासची नावाजलेली. पातळ सुरीने कागदासारखे काप काढा, 'पाने कारासाऊ' या पापडासारख्या कुरकुरीत भाकरीवर ठेवा, थोडं तेल सोडा. विस्तवावर मात्र चढवू नका.

भाजलेल्या डुकराच्या पिल्लाला ही वाइन पुरी पडत नाही, तिथे कान्नोनाऊ ही लाल वाइनच. चीज भरून तळलेल्या, मध घातलेल्या सेआदासबरोबर ती नुसतीच आंबट लागते. आणि एका सुट्टीत मी बाटली घरी नेली, आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मिरचीने वाइनची आग दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी तिला फक्त मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून सुरमई तळायला सांगितलं. ती जमली.

उरली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. तिसऱ्या दिवशी प्यायला मजा नाही, पण पुढच्या तिसऱ्यांवर मारायला चालते.