लिहिणाऱ्या मुलामुलींनी संज्ञापनाच्या क्षेत्रात कसे जावे : कोकणातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पालक एक प्रश्न हमखास विचारतात : मुलीला लिहायला आवडते, तिला मीडियाला घालायचे आहे, तर कोणता कोर्स चांगला? उत्तर देण्यापूर्वी मी मुलीने गेल्या वर्षभरात काय लिहिले ते पाहायला मागतो. बहुतेक वेळा वहीत काही कविता, शाळेच्या हस्तलिखितातला एखादा निबंध आणि निरोप समारंभाचे भाषण एवढेच असते. त्यात वाईट काही नाही. पण संज्ञापनात, म्हणजे पत्रकारिता, जनसंपर्क, जाहिरात किंवा आकाशवाणी यांपैकी कोणत्याही कामात मनातले सुंदर लिहिण्यापेक्षा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे अचूक लिहावे लागते, आणि ही सवय आधी लागलेली असेल तरच अभ्यासक्रमाचा खरा लाभ होतो. म्हणून अभ्यासक्रमाला मी तिसरा क्रमांक देतो. पहिला क्रमांक लेखनाच्या फाईलचा आणि दुसरा एखाद्या विषयाच्या जाणकारीचा.

फाईलची सुरुवात अकरावीतच करावी. ज्या घटनेला आपण स्वतः हजर होतो तीच लिहावी : ग्रामसभा, नळपाणी योजनेची बैठक, किनाऱ्यावर ओढलेली रापण म्हणजे मोठे जाळे, बागेत चाललेली आंब्याच्या पेट्यांची भरणी. पंधरवड्याला एक मजकूर, तोही तीनशे शब्दांच्या आत, एवढे पुरे. प्रत्येक मजकुराखाली आपण कोणाशी बोललो, काय मोजले आणि कोणता कागद पाहिला याची नोंद ठेवावी, कारण पुढे कोणी विचारले तर ती नोंदच आपल्या बाजूने उभी राहते. मी पहिली बातमी पाठवली तेव्हा वादळाच्या इशाऱ्यामुळे "शेकडो होड्या बंदरात परतल्या" असे मोठ्या रुबाबात लिहिले होते. ज्येष्ठ उपसंपादकांनी फोनवर एवढेच विचारले, "मोजल्यास का?" मोजल्या नव्हत्या. सायंकाळी बंदरावर जाऊन मोजल्या, तर त्या ४३ भरल्या. बातमी ४३ या आकड्यासह छापून आली, आणि त्या दिवसापासून 'शेकडो' हा शब्द मी फार जपून वापरतो.

फाईलसाठी एक सराव मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी पावसाळी मासेमारी बंदी असते. ती साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना लागू होते. माशांचा प्रजननकाळ आणि खवळलेला समुद्र ही तिची दोन मुख्य कारणे. या बंदीची सरकारी सूचना मिळवावी आणि ती तीन प्रकारे पुन्हा लिहावी. पहिला मजकूर वृत्तपत्राच्या वाचकासाठी, ज्यात बंदी कोणाला लागू आहे, कोणाला नाही आणि का, हे पहिल्या दोन वाक्यांत यावे. दुसरा आकाशवाणीसाठी, एका मिनिटात वाचून होईल असा. तो मोठ्याने वाचावा, घड्याळ लावावे, आणि जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडावे. तिसरा मोबाइलवरून खलाशी आणि तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांना, पाठवायचा निरोप, चार ओळींचा, ज्यात तारीख सर्वांत आधी असावी. तीन्ही मजकूर एखाद्या प्रत्यक्ष होडीमालकाला दाखवावेत. तो तिसऱ्या निरोपावर काही प्रश्न विचारील. ते प्रश्न म्हणजेच आपल्या लेखनातल्या उणिवा होत. संज्ञापनाचे शिक्षण पुढे तीन वर्षे वर्गात बसून घेतले तरी त्याचा गाभा यापेक्षा फार वेगळा नसतो : माहिती तीच, पण ऐकणारा बदलला की तिचा क्रम, लांबी आणि शब्द बदलतात.

हा गाभा किती गंभीर आहे, ते २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पूर आला तेव्हा कोकणाने पाहिले. "वाशिष्ठीने धोक्याची पातळी ओलांडली" हे वाक्य अधिकाऱ्याला सर्व काही सांगते. बाजारपेठेत दुकान असलेल्या माणसाला मात्र पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येईल आणि आता कोणत्या बाजूने निघावे, एवढेच हवे असते. हे दुसरे वाक्य लिहिता येणे हे या व्यवसायातले कौशल्य आहे, आणि ते शिकायला मुंबई लागत नाही.

भाषेबद्दल आपल्याकडच्या मुलांच्या मनात दोन न्यूनगंड असतात. एक बोलीचा, दुसरा इंग्रजीचा. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारा मुलगा शहरात गेला की पहिल्या महिन्यातच बोली पुसून टाकतो, आणि मग गावातल्या म्हाताऱ्या मच्छीमाराची मुलाखत घेताना त्याच्याच तोंडी पुस्तकी मराठी घालतो. मुलाखत बोलीत घ्यावी, बोलीतच टिपावी. "वारो फिरलो" असे तो म्हणाला असेल तर तसेच ठेवावे, आणि आपले निवेदन प्रमाण मराठीत लिहावे. इंग्रजीचे म्हणाल, तर तिला टाळून या क्षेत्रात फार लांब जाता येत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभच द्वैभाषिक होता : देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, आणि त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. ६ जानेवारीला पत्रकार दिनाचे हार-तुरे सगळीकडे होतात. त्यापेक्षा त्या दिवशी एक इंग्रजी परिच्छेद मराठीत आणि एक मराठी परिच्छेद इंग्रजीत करून पाहावा. युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट कळफलकावर, न पाहता टंकलेखन करता आले पाहिजे, ही बाब इतकी साधी आहे की तिच्यावर अधिक लिहीत नाही.

आता विषयाची जाणकारी. बारावीनंतर थेट माध्यमांची पदवी घ्यायची असेल, तर मुंबई विद्यापीठाचा बी.ए.एम.एम.सी. हा अभ्यासक्रम, म्हणजे पूर्वीचा बी.एम.एम., कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे, आणि रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे तीनही जिल्हे याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात अशी निवड करण्याची पद्धत रूढ आहे. मात्र नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेररचना होत असल्याने प्रवेशापूर्वी चालू वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा, एजंटाच्या पत्रकावर विसंबू नये.

माझे मत मात्र थोडे वेगळे आहे, आणि ते सर्वांना पटते असे नाही. पदवी एखाद्या ठोस विषयात घ्यावी आणि माध्यमांचे शिक्षण त्यानंतर. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा चालेल. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी पदवीचे शिक्षण किंवा रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय हाताशी आहे. ज्याला माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा वाद, हापूसच्या मोहोरावर हवामानाचा होणारा परिणाम किंवा २०१८ साली कोकणच्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा बागायतदाराला नेमका काय उपयोग, हे मुळातून कळते आणि शिवाय लिहिताही येते, असा माणूस वृत्तपत्राला, शासनाला, बँकेला आणि संशोधन संस्थेला सारखाच हवा असतो. नुसते लिहिता येणारे पुष्कळ असतात.

पदवीनंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवली जाते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. महाविद्यालय कोणतेही असो, प्रवेश घेण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन विद्यार्थ्यांनाच विचारावे : तुमचे प्रायोगिक वृत्तपत्र गेल्या वर्षी किती वेळा निघाले, स्टुडिओचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते, आणि तुमचे लेखन तपासून परत कोण देते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर इमारत कितीही चकचकीत असली तरी परत फिरावे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मे महिन्यातच काढून ठेवावा. जूनमध्ये तिथे रांग असते आणि वर पाऊसही असतो.

पहिल्या कामाबद्दल थोडे कडू बोलावे लागेल. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका वृत्तपत्राने आठ महिने माझ्या बातम्या घेतल्या आणि मानधनाचा विषय काढला की दिवाळी अंकासाठी जाहिराती आणण्याचे काम पुढे केले. तालुक्याच्या वार्ताहराकडून वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती मागण्याची प्रथा नवी नाही. पण ज्या सरपंचाकडून सकाळी जाहिरात घेतली त्याच्या रस्त्याच्या कामावर संध्याकाळी निर्भीडपणे लिहिता येत नाही, हे त्या वयात कोणी सांगत नाही. काम सुरू करतानाच मानधन, नाव छापले जाईल की नाही आणि जाहिरातींची अपेक्षा आहे का, हे तिन्ही लेखी विचारावे. ज्यांना जाहिरातीतच रस आहे त्यांनी सरळ जाहिरात संस्थेत संहितालेखक व्हावे; तो स्वतंत्र आणि सन्मानाचा व्यवसाय आहे.

वृत्तपत्राबाहेर काम पुष्कळ आहे. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रासारख्या ठिकाणी नैमित्तिक निवेदक म्हणून आवाज चाचणी देता येते. जिल्हा माहिती अधिकाऱ्याचे पद राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवून पात्रतेच्या अटी आणि अनुभवाची वर्षे आधीच जुळवावीत. सहकारी संस्था, पर्यटन व्यावसायिक, थेट ग्राहकाला आंबा विकणारे बागायतदार यांनाही नीट लिहिणारा माणूस लागतो, जरी त्यांना ते अजून पुरते उमगलेले नसले तरी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पदवीच्या काळातच एकदा स्वतः करून पाहावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि मिळालेल्या कागदांतून एक लेख उभा करण्याचा अनुभव कोणत्याही परीक्षेपेक्षा मोलाचा ठरतो.

मुलाखतीला जाताना सगळी फाईल नेऊ नये. पाच मजकूर निवडावेत : एक बातमी, एक मुलाखत, एक अनुवाद, मासेमारी बंदीचे ते तीन मसुदे एकत्र, आणि पाचवा असा, ज्यावर कोणीतरी लाल शाईने भरपूर खुणा केल्या आहेत. त्याला सुधारलेली प्रत जोडावी, म्हणजे समोरच्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहता येतील.