जुनी स्पोर्ट बाईक घेऊन पुन्हा चालती करायची असेल, तर

जुनी बाईक बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "इंजिन कसं आहे?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नसावा. पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट हे सगळं आज ना उद्या मिळतं. नाहीच मिळालं तर चांगला लेथवाला बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वाढवून देतो. मिळत नाही ते फेअरिंग (गाडीच्या अंगावरचं प्लास्टिकचं आवरण), तिचे लोखंडी ब्रॅकेट, मीटरचा खोका, मूळचा सायलेन्सर आणि सीटमागचा प्लास्टिकचा शेपटा. 1984 ची कावासाकी जीपीझेड 900 आर असो की 1985 ची सुझुकी जीएसएक्स-आर 750, इंजिन जाम पण अंगावरचं सगळं प्लास्टिक शाबूत, अशी गाडी मी डोळे मिटून घेईन. सुरू होणारी पण अर्धी उघडी गाडी घेताना मात्र दहादा विचार करीन. म्हणून बघायला जाताना त्या मॉडेलच्या पार्ट बुकातली चित्रं सोबत ठेवा आणि काय नाही त्याची यादी करा. भाव त्या यादीवरून ठरवा.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड असतानाच सुरू करायची आहे. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर गाडी सुरू व्हायला त्रास देते, म्हणून ती आधीच तापवून ठेवली असण्याची शक्यता मोठी. मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी अंक न् अंक जुळवा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा.

पडलेली गाडी ओळखायची एक जागा रंगवणारे हमखास विसरतात. हँडल पूर्ण वळवल्यावर ते चेसिसवर जिथे टेकतं, तो स्टॉपर बघा. तो चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडीने जोरदार मार खाल्लेला आहे. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवरून नखही फिरवा. नख अडलं तर क्रोम गंजाने खाल्लंय, आणि नवीन ऑईल सील टाकलं तरी ते टिकणार नाही.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठा मोह म्हणजे गाडी पार नागडी करून टाकायची. अर्धवट राहिलेल्या बऱ्याच गाड्या इथेच अडकतात: सुटे भाग दहा खोक्यांत, आणि कुठला बोल्ट कुठला ते कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच भाग उघडा, उघडण्याआधी फोटो काढा, बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहा. जपानी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. तिचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्सचे नसून जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर लावला की तो घसरतो आणि डोकं गोल होतं. मी अशी चार डोकी गोल करून मग ड्रिलने काढली आहेत. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर आधी घ्या, बाकीची हत्यारं नंतर.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं बटण लगेच दाबू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, एक दिवस जाऊ द्या, मग पान्याने क्रँक (पिस्टन वरखाली करणारा इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरवा. मोकळा फिरला तर जुनं ऑईल बदला, नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा, आणि मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. एखादा बराच मागे पडला तर त्यात जरासं ऑईल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व. डुकाटी 916 सारखी, व्हॉल्व बेल्टने चालवणारी गाडी असेल तर बेल्ट दिसायला नवे असले तरी बदला. तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात.

बहुतेक वेळ खाणार कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. साचलेलं पेट्रोल वाळून त्याचा चिकट थर होतो, आणि पायलट जेटचं (कमी वेगात पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं) छिद्र तर अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. त्यात तार घालू नका, छिद्र मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब वापरा, शक्य असेल तर अल्ट्रासॉनिक टबात धुवा. चारी कार्ब एकमेकांपासून सुटे करायची गरज क्वचितच पडते. व्हॉल्वचं क्लिअरन्स (ठरलेली फट) आधी, व्हॅक्यूम गेजने चारी कार्बची ओढ सारखी करणं नंतर. उलट केलंत तर परत करावं लागेल, कारण क्लिअरन्स बदललं की व्हॅक्यूमही बदलतं.

टाकी गंजली असेल तर सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवून पेट्रोल भरा. ओली ठेवलीत तर त्याच दिवशी परत तांबूस होते.

त्या काळातल्या गाड्यांचा रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग, हा जुना रोगी. पाच हजार आरपीएमला बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसायला हवेत. पंधराच्या वर गेले तर बॅटरी उकळणार. वाढतच नसतील तर आधी कनेक्टर उघडून बघा, कित्येकदा तो जळून काळा झालेला असतो.

ब्रेक आणि टायरवर मात्र काटकसर नको. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) उघडून सील बदला, रबरी नळ्या नव्या टाका, आणि मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक फ्लुइडच्या डबीच्या) झाकणावर लिहिलेलंच फ्लुइड भरा. टायर कधी बनला ते सांगणाऱ्या चार आकडी कोडात पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असले तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा. नक्षी शाबूत असली तरी तो फेकायचा.

रंग आणि स्टिकर शेवटी. आधी जुन्याच अंगाने शे-दोनशे किलोमीटर चालवा. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट परत तपासा आणि रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय यावरून पुढचं सील कुठलं उघडायचं ते कळतं.