पोकरच्या टेबलावर लक्ष आणि शिस्त कशी टिकवावी

टेक्सास होल्डम या पोकरच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन बंद पत्ते मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात. नऊ जणांच्या टेबलावर डीलर तासाला साधारण २५ ते ३० डाव वाटतो आणि जपून खेळणारा माणूस पाचांपैकी चार डाव सुरुवातीलाच सोडून देतो. म्हणजे चार तासांच्या बैठकीत तो प्रत्यक्षात खेळतो जेमतेम वीस-पंचवीस डाव आणि उरलेला वेळ रिकाम्या हाताने बसून काढतो. मोठ्या डावात लक्ष आपोआप लागते, कारण त्यात पैसे अडकलेले असतात. ते सांडते ते या रिकाम्या वेळात. त्यामुळे शिस्तीची तयारी मोठ्या डावापासून नव्हे, तर सोडलेल्या डावांपासून सुरू करावी.

त्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली असून त्यात पोकरही येतो. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र मांडवी नदीतील जहाजांवर आणि काही पंचतारांकित हॉटेलांत परवानाधारक कॅसिनो आहेत. येथे सांगितलेला सगळा सराव घरी काड्यापेटीतल्या काड्या किंवा बटणे लावूनही करता येतो, आणि नवशिक्याने तो तसाच करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

बसण्यापूर्वी

दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवावेत: आज जास्तीत जास्त किती रक्कम जाऊ द्यायची आणि किती वाजता उठायचे. हे आकडे घरातून निघतानाच ठरले पाहिजेत, कारण हरत असलेला माणूस स्वतःशी केलेला सौदा फार सहज बदलतो. खेळासाठीची रक्कम घरखर्च, हप्ते आणि बचत यांपासून पूर्णपणे वेगळी असावी. अनुभवी खेळाडू एका टेबलावर बसण्यासाठी लागणाऱ्या रकमेच्या वीस ते तीस पट निधी राखून ठेवतात, तो याच कारणासाठी की एक वाईट संध्याकाळ त्यांच्या निर्णयांवर स्वार होऊ नये. उसने पैसे घेऊन खेळण्याची किंवा हरलेली रक्कम घरच्यांपासून लपवण्याची वेळ आली, तर प्रश्न एकाग्रतेचा राहिलेला नसतो. तेव्हा खेळ थांबवून टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर बोलावे.

झोप पुरेशी झालेली असावी आणि जेवण हलके असावे. अनेक कॅसिनोंत प्रवेशशुल्कातच खाणे-पिणे येते. त्यातले खाणे घ्यावे, मद्य टाळावे. फुकट मिळालेला पेला टेबलावर बहुधा सर्वांत महाग पडतो.

सोडलेल्या डावांचा अभ्यास

पत्ते टाकून दिल्यावर हात मोबाइलकडे जातो, आणि नेमका तेथेच पहिला नियम हवा: टेबलावर बसलेले असताना मोबाइल पिशवीत राहील. रोज दहा मिनिटे शांत बसून श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव चांगलाच आहे, पण या एका नियमाने होणारा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. त्यानंतर डोळ्यांना काम द्यावे. डावात उरलेल्या खेळाडूंपैकी एकच निवडावा आणि त्याने कोणत्या जागेवरून, केव्हा व किती रक्कम लावली हे मनात जोडत जावे. पहिले तीन सामाईक पत्ते, म्हणजे फ्लॉप, उघडल्यावर त्याच्याकडे काय असावे याचा अंदाज बांधावा; चौथा पत्ता, म्हणजे टर्न, आल्यावर तो सुधारावा आणि शेवटी पत्ते दाखवले गेले तर ताडून पाहावा. सुरुवातीला बहुतेक अंदाज चुकतील, पण चुकलेला अंदाजही उपयोगी असतो, कारण कोणती चाल आपण वाचली नाही ते त्यातून कळते. नऊही जणांवर एकाच वेळी नजर ठेवण्याचा हव्यास धरू नये. अर्ध्या तासाने दुसरा खेळाडू निवडावा.

निर्णयाचा ठरलेला क्रम

आपली पाळी आली की दर वेळी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत: माझ्यानंतर किती जणांची चाल बाकी आहे, आधी कोणी रक्कम वाढवली आहे, पॉटमध्ये, म्हणजे सर्वांनी लावलेल्या एकत्रित रकमेत, किती जमले आहे, मला किती घालायचे आहे आणि जिंकण्याची शक्यता त्या किमतीला पुरते का. समजा, पॉटमध्ये ६०० आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने ३०० लावले. तुम्हाला ३०० घालून एकूण १२०० च्या पॉटसाठी खेळायचे आहे, तेव्हा चारांतून निदान एकदा जिंकण्याची शक्यता हवी. टर्नपर्यंत तुमच्याजवळ बदामाची चार पाने जमली असून पाचव्या बदामाची वाट पाहायची असेल, तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम उरतात, म्हणजे शक्यता सुमारे २० टक्के. बदाम आल्यास शेवटच्या फेरीत आणखी पैसे मिळतील अशी ठोस खात्री नसेल, तर पत्ते टाकावेत. हा हिशेब घरी शंभर वेळा केलेला असेल तरच टेबलावर तो काही सेकंदांत होतो.

या क्रमाचा आणखी एक लाभ असा की सोप्या आणि अवघड निर्णयाला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे तुमच्या थांबण्यावरून समोरच्याला काही ओळखता येत नाही.

तोल जातो तेव्हा

रागाच्या किंवा हताशेच्या भरात चुकीचे खेळत जाण्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला; यंत्र फार हलवले की ते ‘टिल्ट’ दाखवून बंद पडते. माणूस मात्र बंद पडत नाही, तो पुढे खेळतच राहतो, आणि म्हणून बुडत्याचा पाय खोलात जातो.

याचे मूळ समजून घ्यावे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते, म्हणजे कॅसिनोच्या वेगाने सुमारे आठ तासांनी. समोर बादशहांची जोडी असेल आणि फ्लॉपपूर्वीच दोघांचे सगळे पैसे आत गेले, तर एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. उलट पाहिले तर अकरांतून दोनदा हरतात. आठ तास वाट पाहून मिळालेले पत्ते असे हरले की माणसाला तो अन्याय वाटतो, वास्तविक तो हिशेबातलाच भाग असतो. हे आकडे पाठ असले तरी त्या क्षणी राग येणारच. त्याला आवरण्याच्या भानगडीत न पडता त्याला निर्णयाच्या जागेवरून दूर न्यावे. मोठा पॉट गेल्यावर एक पूर्ण फेरी बाहेर बसावे, उठून पाणी प्यावे, थोडे चालावे. कान तापणे, चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, जोराने आपटणे, पत्ते नीट न पाहताच कॉल करणे, म्हणजे समोरच्याइतकी रक्कम घालणे, डीलरवर डाफरणे यांपैकी आपली खूण कोणती ते ओळखून ठेवावे, आणि ती एका बैठकीत दोनदा दिसली तर खिशातल्या कागदावरची वेळ झाली नसली तरी उठावे. लागोपाठ जिंकल्यावर येणारी बेफिकिरीही याच जातीची असते, पण ती सुखद असल्याने कोणी तिची नोंद घेत नाही.

विश्रांतीला कमीपणा मानू नये. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतसुद्धा दोन-दोन तासांच्या टप्प्यांनंतर सुट्टी दिली जाते. हौशी खेळाडूने तासातासाने पाच मिनिटे उठावे.

वही

प्रत्येक बैठकीनंतर तीनच डाव लिहावेत: एक बरा वाटलेला, एक खटकलेला आणि एक असा, ज्यात काय करावे हे कळले नाही. डाव्या पानावर त्या क्षणी काय ठाऊक होते आणि का तसे खेळलो ते लिहावे; निकाल उजव्या पानावर लिहून ते पान दुमडून टाकावे. दोन दिवसांनी फक्त डावे पान वाचून निर्णयाला बरोबर किंवा चूक ठरवावे आणि मगच दुमड उघडावी. जिंकलेल्या डावांत लपलेल्या चुका या एका युक्तीने जितक्या सापडतात, तितक्या नुसत्या आठवणीतून कधीच सापडत नाहीत. प्रत्येक नोंदीसमोर घड्याळातली वेळही लिहावी. दहा बैठकींनंतर चुका कोणत्या तासात दाटतात ते दिसू लागेल. समजा, तो तिसरा तास निघाला, तर पुढच्या वेळी खिशातल्या कागदावर उठण्याची वेळ दुसऱ्या तासाच्या शेवटी लिहावी.