शाळेच्या प्रोजेक्टसाठी गेम: आधी फक्त कुंदा पडू द्या

शाळेच्या प्रोजेक्टला गेम म्हटलं की मुलं थेट रेसिंगलाच हात घालतात आणि अडकतात. त्यापेक्षा स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं मुलांचं साधन) एवढंच करा: वरून बेळगावचा कुंदा, म्हणजे तिथली खव्याची मिठाई, पडतो, खाली तो झेलायला ताट.

१. कुंद्याचा एक्स (आडवी जागा) −२२० ते २२० मधला कुठलाही, वाय (उभी जागा) १८०. मग 'फॉरएव्हर' या सतत चालत राहणाऱ्या ठोकळ्यामध्ये वाय −५ ने बदला. हे नीट चालल्याशिवाय पुढं जाऊ नका.
२. वाय −१७० च्या खाली गेला की कुंदा परत वर.
३. ताट डाव्या-उजव्या बाणांनी हलवा.
४. कुंदा ताटाला लागला की गुण १ ने वाढवा आणि त्याला लगेच वर पाठवा. नाहीतर एकाच कुंद्याचे गुण वाढतच राहतात.

घरी नेट धड नसेल तर स्क्रॅचचं ऑफलाइन अॅप आधीच उतरवून ठेवा. ब्राउझरमध्ये लॉगिन न करता काम करत असाल तर उठण्याआधी फाइल कॉम्प्युटरवर सेव्ह कराच. टॅब बंद झाला की केलेलं सगळं जातं.