आमचा डबा विकला त्याची गोष्ट, आणि तुमचा विकायचा असेल तर

गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. पण आमच्या घरात त्याला तसं कुणी म्हटलंच नाही. तो डबा. २०१८ साली घेतलेला, चोवीस फुटी, मागच्या कोपऱ्यात मुलांसाठी वर-खाली दोन बर्थ. गार्नर स्टेट पार्क, बिग बेंड, पालो ड्युरो, टेक्ससमधली ही सगळी उद्यानं त्यातूनच पाहिली. मग आई-बाबा सांगलीहून सहा महिने राहायला आले. खालच्या बर्थमधून उठताना बाबांच्या गुडघ्यांची जी कसरत झाली ती पाहून ठरवलं, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग असलेला डबा घ्यायचा. म्हणजे जुना काढणं आलं. ऑस्टिनच्या उत्तरेला राहून हे निस्तरायला मला तीन महिने लागले. तुमचे निम्मे तरी वाचावेत म्हणून लिहिते आहे.

डीलरला एक्स्चेंजमध्ये द्यायचा की स्वतः विकायचा, हा प्रश्न मनाने सोडवू नका, कागदावर सोडवा. आमचा हिशोब असा होता: नवा डबा ३८,००० डॉलर. जुन्याचे डीलर ११,००० देत होता, बाहेर १४,००० येतील असा माझा अंदाज. वरवर पाहता तीन हजारांचा फरक. पण टेक्ससमध्ये गाडीवरचा विक्रीकर ६.२५ टक्के, आणि जुनी गाडी डीलरलाच दिली तर तो फक्त नव्या-जुन्याच्या किमतींतल्या फरकावर बसतो. म्हणजे ३८ ऐवजी २७ हजारांवर, वाचले ६८७ डॉलर. खरा फरक उरला २,३०० च्या आसपास. आमच्या वसाहतीत दारात ट्रेलर उभा करू देत नाहीत, त्यामुळे विकेपर्यंत तो ठेवायच्या यार्डाचं भाडं चालूच. तेही वजा केलं. उरलेल्या दोन हजारांसाठी चार-पाच शनिवार खर्चायची माझी तयारी होती. नवऱ्याची नव्हती, म्हणून शनिवार माझे गेले. तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर कराची ही सवलत विसरा, तिथे पूर्ण किमतीवर कर लागतो. मग स्वतः विकण्याचं पारडं आणखी जड होतं.

एक्स्चेंज करणारच असाल तर एक पथ्य पाळा. नव्या डब्याची सगळे कर आणि फी धरून अंतिम किंमत लेखी हातात पडेपर्यंत जुन्याचा विषय काढायचा नाही. दोन्ही एकदम बोलायला घेतलं की डीलर जुन्याचे हजार वाढवून दाखवतो, तेच नव्यात गुपचूप मिळवतो, आणि आपण खुशीत घरी येतो. 'महिन्याला किती परवडेल?' असं विचारलं तर सांगू नका. या गाड्यांची कर्जं पंधरा-वीस वर्षांची असतात. मुदत ताणली की कुठलाही डबा परवडतो.

आणि डब्यावर कर्ज बाकी असेल तर सगळ्यांत आधी बँकेकडून पेऑफचा आकडा, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, मागवा. करोनाच्या काळात सगळी अमेरिका कॅम्पिंगला निघाली होती. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही, म्हणजे अशा राहायच्या गाड्या, बाहेर पडल्या, २०२३ मध्ये तीन लाखांच्या जरा वर. तेव्हा चढ्या भावाने घेतलेल्यांपैकी कित्येकांचं कर्ज आज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. ती तूट नव्या कर्जात घालून देतो असं डीलर फार गोड आवाजात सांगतो. त्यापेक्षा दोन वर्षं आहे त्याच डब्यात हिंडा.

भाव ठरवताना जुन्या गाड्यांच्या किमती सांगणाऱ्या जे. डी. पॉवरचा आकडा बघा, पण तो नुसता पाया. आरव्ही ट्रेडर या जाहिरातींच्या साइटवर दिसतात त्या मागितलेल्या किमती, मिळालेल्या नव्हेत. मी आमच्या डब्यासारख्याच डब्यांच्या सहा जाहिराती वहीत लिहून ठेवल्या आणि दर रविवारी पाहिल्या. १६,५०० वाल्या तीन तशाच बसून होत्या. १४ च्या आसपासच्या दोन पंधरवड्यात गायब. मी १४,९०० लावले. टेक्ससात विकायची वेळ फेब्रुवारी-मार्च. ऑगस्टच्या उन्हात कुणी छपरावर चढून बघायला येत नाही.

आता पाणी. डब्याची किंमत त्याच्या कोरडेपणात असते, बाकी सगळं नंतर. आमचं छप्पर ईपीडीएम रबराचं. झरोके आणि व्हेंटच्या पाइपांभोवती पाणी अडवणारा जो सीलंट असतो तो अंगठ्याने दाबून पाहिला. दोन ठिकाणी भेगा होत्या, तिथे डायकॉर कंपनीचा आपोआप पसरणारा सीलंट भरला. मग तीस डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र आणून सगळ्या भिंतींवर फिरवलं. सगळीकडे आठ, नऊ, दहा टक्के. वरच्या बर्थच्या कोपऱ्यात एकदम २३! हात लावला तर भिंत कोरडी लागत होती. बाहेरून त्याच जागी वर तो छोटा लाल दिवा असतो ना, तो काढला. मागची पट्टी वाळून खपली झाली होती आणि स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत होतं. जुनं सगळं खरवडून पाणी अडवणारी ब्युटाइल टेप लावली आणि आत पंधरा दिवस हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर चालवला. आकडा १२ वर आला. प्रत्येक पायरीचे फोटो काढले आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून दाखवले. नवरा म्हणाला, 'कशाला सांगतेस?' ज्याने अखेर डबा घेतला तो स्वतःचं यंत्र घेऊन आला होता आणि सरळ त्याच कोपऱ्याकडे गेला.

दुसरी गोष्ट वासाची, आणि ही खास आपल्यासाठी. आपल्याला आपल्या फोडणीचा वास येत नाही. मी शेजारणीला आत नेऊन विचारलं, ती हसून म्हणाली, 'भूक लागली.' गाद्यांची कव्हरं, पडदे, शेगडीवरच्या पंख्याची जाळी, सगळं धुतलं. हळदीचे डाग घासत बसू नका, कव्हरं दोन दिवस कडक उन्हात टाका, ऊनच हळद खातं. पांढऱ्या ओट्यावरचा डाग मात्र नुसत्या घासण्याने हलला नाही. बेकिंग सोड्याचा लेप देऊन झरोक्याखालच्या उन्हावर सोडला, तेव्हा आठवड्याने फिका झाला.

टायरवर DOT या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ३१२२ म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर पाहून जाणकार सातशे डॉलर पाडून मागतो. बदलले असतील तर बिल पुढे ठेवा. संडासाची टाकी धुऊन घ्या, याहून जास्त लिहीत नाही. फ्रीज मात्र आदल्या रात्रीच लावा. गॅसवरचा फ्रीज गार व्हायला कित्येक तास घेतो, आणि गिऱ्हाइकाने कोमट फ्रीज उघडला की त्याचा अख्ख्या डब्यावरचा विश्वास उडतो.

जाहिरात लागताच पहिल्या दिवशी मेसेज येतो: न बघता घेतो, किमतीपेक्षा दोन हजार जास्तीचा चेक पाठवतो, वरचे वाहतूकवाल्याला द्या. तो चेक खोटा असतो. उत्तरसुद्धा देऊ नका. खऱ्या गिऱ्हाइकाचा कॅशियर्स चेकही (बँक स्वतःच्या नावाने देते तो) त्याच्याच बँकेत जाऊन, खिडकीवर आपल्यासमोर छापून घ्यायचा. आमचा सौदा १४,२०० ला पटला. बँकेतून गिऱ्हाईक आणि मी थेट काउंटीच्या टॅक्स ऑफिसात गेलो, टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सह्या केल्या, नव्या मालकाच्या नावे टायटल मागण्याचा १३०-यू हा फॉर्म तिथेच भरला. नंबर प्लेट आम्ही काढून घेतली. ट्रान्सफर नोटिफिकेशन त्याच रात्री ऑनलाइन भरलं. मुदत तीस दिवसांची असते, पण गाडी कुणाच्या ताब्यात गेली याची नोंद सरकारदरबारी जितकी लवकर होईल तितकी बरी. विमा त्यानंतर बंद केला.

सगळं होऊन यार्डात आलो तर गिऱ्हाइकाच्या पिकअपला ट्रेलर जोडायचा बॉल दोन इंची, आणि आमच्या डब्याला लागतो दोन पूर्णांक पाच सोळांश इंची. नवा बॉल आणायला तो माणूस गेला, त्याची बायको थांबली. जुन्या ओट्यावर शेवटचा चहा मी तिच्यासाठी केला, आलं घालून, झरोका उघडा ठेवून. जाहिरातीत बॉलचा आकार लिहायला विसरू नका.