कॉम्प्युटर लॅबमधली कॉपी: पकडायची कशी, थांबवायची कशी

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला आयटी शिकवते. लॅबमध्ये कॉपी कशी चालते, हे नव्या शिक्षकांना कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रीत ठरलेली असते. एका हुशार मुलाची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून वर्गभर फिरते. वरचं नाव, रोल नंबर बदलला की झालं प्रॅक्टिकल! पेन ड्राइव्ह बंद करून फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा प्रश्नच असा द्या, की दुसऱ्याचं उत्तर आपल्या कामी येणार नाही.

मी एक्सेलमध्ये कर्जाच्या हप्त्याचं उदाहरण देते. कर्जाची रक्कम म्हणजे रोल नंबर गुणिले हजार. तेवीस नंबरच्या मुलाचं कर्ज २३,००० रुपये, व्याज वार्षिक ९ टक्के, मुदत ३६ महिने. पीएमटी सूत्राने हप्ता ७३१.३९ रुपये येतो. व्याजदर बाराने भागायचा राहिला, तर तोच हप्ता दोन हजारांच्या वर जातो. ही चूक ओळीने पाच-सहा जणांच्या शीटमध्ये दिसली, की फाइल कुठून कुठे गेली ते कळतं. बरोबर सूत्र सगळ्यांचं सारखं असणारच. माग निघतो तो सारख्या चुकांवरून.

शीट उघडल्यावर कंट्रोल दाबून एकच्या डावीकडची की दाबा. सगळी सूत्रं समोर येतात. सूत्राच्या जागी नुसता आकडा दिसला, तर तो कुठून आला ते विचारा.

वर्डच्या फाइलमध्ये 'इन्फो'त जाऊन एकूण संपादनाचा वेळ बघा. चार पानांना दोन मिनिटं लागलेली दिसली, तर मजकूर बहुधा आयता चिकटवलेला आहे. तिथेच लेखकाचं नावही दिसतं, पण ते त्या मशीनच्या ऑफिसमध्ये भरलेलं नाव असतं. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर 'अ‍ॅडमिन' असेल तर त्याचा काही उपयोग नाही. सुट्टीत बसून प्रत्येक मशीनला वेगळं नाव देऊन ठेवा. तरीही ही सगळी विचारायची निमित्तं आहेत, पुरावा नव्हे. एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

प्रोग्रॅमिंग शिकवत असाल तर 'मॉस' वापरा; मुलांच्या प्रोग्रॅममधलं साम्य शोधून दाखवणारी ती ऑनलाइन सेवा आहे. स्टॅनफर्डचे अ‍ॅलेक्स एकन यांनी ते १९९४ मध्ये तयार केलं, आणि वर्गातल्या वापरासाठी ते फुकट आहे. नुसती व्हेरिएबलची नावं बदलून ते फसत नाही. फाइली पाठवताना मुलांची नावं मात्र काढून टाका.

खरी परीक्षा तोंडीची. मुलाच्या शेजारी उभं राहून सांगा, "मुदत पाच वर्षं कर." ज्याने स्वतः केलंय तो ३६ च्या जागी ६० टाकतो आणि हप्ता कमी झालेला दाखवतो. ज्याने ढापलंय त्याचा माउस शीटभर फिरत राहतो. एकेकाला दोन मिनिटं पुरतात. मोठ्या बॅचला वेळ कमी पडतो हे खरं, पण जर्नल तपासण्यातला वेळ कापा, हा कापू नका. निम्मे गुण या बदलालाच ठेवा.

आता हा प्रश्न मुलं चॅटजीपीटीलाही विचारतात. घरी विचारू दे. समोर बदल करता आला तर ते शिकलेत, असं मी धरते.

सापडलेल्या मुलाला वर्गासमोर उभं करू नका. बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर नसतो, लॅबमध्ये कीबोर्ड कायम शेजाऱ्याच्या हातात असतो, आणि विचारायची लाज वाटते. त्याला पुढच्या तासाला एकट्याला मशीन द्या, नवी रक्कम द्या, आणि ते जमल्यावरच जर्नलवर सही करा. फाइल देणाऱ्यालाही तेच करायला लावा.